तेलाची आग आणि लाल सिलिंडर

आषाढ तळायचा, गणपतीत तळणीचे मोदक करायचे, नवरात्रात उपासाचे वडे, आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर शेगडीवरून कढई उतरतच नाही. तापलेल्या तेलाशी आपल्या बायकांची जन्माची ओळख. चकली मोडली तर मोहन कमी पडलं की जास्त झालं, हे आपण डोळे मिटून सांगू. पण त्याच तेलानं पेट घेतला तर काय करायचं, हे दहाजणींना विचारून बघा. मी विचारलं. सातजणी म्हणाल्या, पाणी ओतायचं. दोघी म्हणाल्या, कढई उचलून अंगणात न्यायची. एक म्हणाली, ‘‘मी तर बाई किंचाळत बाहेर पळेन!’’ खरं सांगायचं तर त्या दहाजणींत सगळ्यात कमी भाजली असती ती हीच.

विषय निघाला तो आमच्या गल्लीतल्या डबेवाल्या ताईंमुळे. रोजचे तीसेक डबे करतात. एका संध्याकाळी पुऱ्यांचं तेल तापत ठेवलं आणि दारात डब्याचे पैसे द्यायला कुणी आलं. बोलण्यात पाच-सात मिनिटं गेली. आत येऊन बघतात तर कढईतून कमरेएवढ्या ज्वाळा! मदतीला येणाऱ्या मुलीनं तोवर मोरीतली बादली उचललेली. ताई ओरडल्या, ‘‘पाणी नको, पाणी नको!’’ हात लांब करून त्यांनी शेगडीचं बटण बंद केलं आणि कणकेची मोठी परात उपडी करून कढईवर सरकवली. भिंतीवरचं कॅलेंडर गेलं, रंग काळा पडला, हाताच्या पाठीवर एक फोड आला. एवढ्यावर निभावलं.

ही गोष्ट आमच्या बचत गटाच्या बैठकीत निघाली नसती तरच नवल. गट दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतो. एकीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठ्या शेगड्या, पाच-सहा लिटर तेलाच्या दोन कढया, आणि त्यांच्याभोवती आठ-दहा बायका. ताईंच्या कढईत लिटर-दीड लिटर तेल होतं. आपल्याकडे तसं झालं तर? सगळ्याजणी गप्प झाल्या. मग ठरलं, गटाच्या पैशातून ‘तो लाल सिलिंडर’ घ्यायचा. बँकेत असतो ना, एटीएमच्या बाजूला लटकवलेला, तसा. खजिनदार काकूंबरोबर चौकशीला जायचं काम माझ्याकडे आलं.

जिल्ह्याच्या गावी एका दुकानात गेलो. दुकानदारानं लगेच एक बाटली पुढे ठेवली. ‘‘ही घ्या ताई, एबीसी पावडर. सगळ्या आगींना चालते. ए म्हणजे लाकूड-कपडा, बी म्हणजे तेल, सी म्हणजे गॅस. किचनमध्ये आणखी काय असतं?’’ काकूंनी चष्मा वर करून विचारलं, ‘‘अहो, पण कढईतल्या तापलेल्या तेलाला चालेल का?’’ ‘‘काकू, तेल ते तेल!’’

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. तेल ते तेल नसतं.

जायच्या आधी मी आमच्या ओळखीच्या, अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या काकांना भेटून आले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘प्रात्यक्षिक बघितलंयस कधी?’’ बघितलं होतं. शाळेच्या मैदानावर लोखंडी ट्रेमध्ये डिझेल-पेट्रोल ओतून पेटवतात, जवान पुढे होऊन पावडर मारतो, फुस्स करून दोन-तीन सेकंदांत आग गायब. सगळे टाळ्या वाजवतात. काका म्हणाले, ‘‘तीच टाळी घात करते. त्या ट्रेमधलं डिझेल थंड असतं गं. जळत असते ती वरची वाफ. पावडरनं ज्योत तोडली की खेळ खलास. कढईतलं तेल आतून, तळापासून तापलेलं असतं. त्याची ज्योत तुम्ही घालवलीत तरी तेल तेवढंच गरम. पावडर खाली बसली, हवा पोचली, की पुन्हा भडका.’’

हे नीट समजायला थोडे आकडे लागतात, पण ते आपल्याच ओट्यावरचे आहेत. पुरी टम्म फुगते तेव्हा तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसला असतं. आपल्या नेहमीच्या रिफाइंड तेलातून दोनशे-सव्वादोनशेच्या पुढे धूर निघायला लागतो. घाण्याच्या तेलातून त्याच्याही आधी. तरीही खाली जाळ चालूच राहिला, तर साडेतीनशे अंशांच्या आसपास तेल आपलं आपण पेट घेतं. त्याला काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. म्हणजे धूर ही तेलानं दिलेली हाक असते. धूर दिसला त्या क्षणी गॅस बंद केला, तर पुढचं काही घडतच नाही. आणि एकदा पेटलं, की नुसती ज्वाळा मारून भागत नाही. ते तेल साडेतीनशेच्या बरंच खाली येईपर्यंत त्याला हवा मिळता कामा नये. तेलाच्या आगीचं सगळं कोडं या एका गोष्टीत आहे.

पाण्याचं काय होतं तेही याच हिशेबात कळतं. पाणी तेलापेक्षा जड. ओतलं की ते तळाशी जातं. उकळायला त्याला शंभरच अंश लागतात, आणि भोवती तेल साडेतीनशेचं. पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सतराशेपट जागा लागते. ती वाफ अंगावरचं सगळं पेटतं तेल घेऊन छताकडे झेपावते. फोडणीत ओल्या हाताचे चार थेंब पडले तर काय तडतड होते ते आपल्याला माहीत आहे. इथे पेलाभर पाणीही पुरे, बादलीचं तर नावच नको.

म्हणूनच तळणीच्या तेलाला आगीच्या वर्गवारीत स्वतंत्र खोली दिलेली आहे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर हे ‘बी’ वर्गात. खाण्याचं तेल-तूप त्यात नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये त्यासाठी ‘के’ हा वेगळा वर्ग आला, किचनमधला के. युरोपात त्यालाच ‘एफ’ म्हणतात. आपल्याकडच्या दुकानांत दोन्ही अक्षरं दिसतात. त्यामागचं कारणही गमतीचं आहे. पूर्वी तिकडच्या हॉटेलांत तळण जनावरांच्या चरबीत व्हायचं आणि आग लागली तर सोड्याची पावडर पुरायची. पुढे वनस्पती तेलं आली, उष्णता धरून ठेवणारी नवी तळणयंत्रं आली, आणि जुन्या पावडरीनं विझलेली आग पुन्हा पुन्हा पेटू लागली. मग नवं औषध शोधावं लागलं. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या शेंगदाण्याच्या, करडईच्या तेलातच तळतो आहोत.

त्या नव्या औषधाचं नाव वेट केमिकल. पाण्यात विरघळवलेले पोटॅशियमचे क्षार. ज्यांनी गटात साबण करायचं प्रशिक्षण घेतलंय त्यांना हे पटकन कळेल. तेलात कॉस्टिक सोडा घातला की साबण होतो ना? इथे तेच होतं, फक्त डोळ्यांदेखत. फवारा तापलेल्या तेलावर पडला की वरच्या थराचा साबण होतो, त्याचा जाड फेस तेलावर सायीसारखा बसतो आणि हवा तोडतो. बरोबरचं पाणी बारीक तुषारांनी येत असल्यामुळे ते भडका न उडवता तेलाची उष्णता ओढून घेतं. झाकण आणि गारवा एकाच बाटलीत. शिवाय तिला पुढे लांब दांडी असते आणि फवारा मऊ असतो, त्यामुळे तेल उसळून बाहेर पडत नाही.

एबीसी पावडरचा फवारा जोरदार असतो. जवळून मारला तर पेटतं तेल ओट्यावर, पडद्यावर उडू शकतं. आणि ही पावडर आम्लधर्मी असते, साबण व्हायला लागतो अल्क. म्हणजे तो साबणाचा थर तिच्याकडून होत नाही. वर अख्ख्या स्वयंपाकघरात पिवळसर-पांढरी धूळ. समोरचं दिसत नाही, श्वास घेता येत नाही, आणि नंतर पिठाच्या डब्यापासून फ्रिजच्या मागच्या जाळीपर्यंत सगळं पुसत बसा. उघडं असलेलं अन्न टाकूनच द्यायचं.

‘‘मग सीओटू?’’ दुकानदारानं दुसरी बाटली काढली होती. काळा कर्णा असलेली. कार्बन डाय ऑक्साइड विजेच्या पॅनेलला, कॉम्प्युटरला उत्तम; मागे काही सांडलवंड नाही. पण कढईसाठी तीही नको. वायूचा झोत जोराचा, तेल उडवणारा, आणि तो तेलाला म्हणावं तसं गार करत नाही. वायू विरला की तेल आहे तिथेच आहे.

डिओडरंटच्या डब्यासारखे छोटे स्प्रेही हल्ली मिळतात. गोंडस दिसतात, स्वस्तही असतात. लेबलवर तळणीच्या तेलाचा उल्लेख नसेल, तर निदान कढईच्या भरवशावर तो घेऊ नका. काचतंतूंचं फायर ब्लँकेट छोट्या पातेल्याला ठीक. पाच लिटरच्या पेटत्या कढईवर पातळसं कापड दोन हातांनी पसरायला वाकायचं, हे माझ्या तरी पचनी पडत नाही.

आता प्रश्न असा, की प्रत्येकीनं वेट केमिकलची बाटली घ्यावी का? मला विचाराल तर, नाही. वेट केमिकल साध्या पावडरच्या बाटलीपेक्षा चांगलंच महाग पडतं. चारजणांच्या घरात आपण अर्धा-पाऊण लिटर तेलात तळतो. तेवढ्या आगीला सगळ्यात योग्य अग्निशामक आपल्या फडताळात आधीच आहे. त्याचं नाव झाकण. कढईपेक्षा चांगलं चार बोटं मोठं, धातूचं, सपाट. काचेचं नको, तडकतं. तळायला बसताना झारा, चाळणी, कागद घेतो तसं ते झाकण किंवा परात हाताशी घ्यायची. पेट घेतलाच, तर आधी गॅस बंद, तोही बटण ज्वाळेच्या पलीकडे नसेल तर. ते पलीकडे असेल तर आधी झाकण, मग सिलिंडरचा रेग्युलेटर. झाकण वरून आदळायचं नाही. आपल्या बाजूच्या काठावरून पुढे सरकवत न्यायचं, म्हणजे ते आपल्या आणि ज्वाळेच्या मध्ये ढालीसारखं राहतं. आणि मग, बायांनो, उचलून बघायचं नाही! भाताचं झाकण उचलून बघायची आपली सवय इथे महागात पडते. आत तेल अजून पेटण्याइतकं गरम असतं, हवेची वाटच बघत असतं. अर्धा-पाऊण तास, कढई हाताला गार लागेपर्यंत, ते तसंच राहू दे.

कढई उचलून बाहेर न्यायची नाही, हे तर काकांनी दोनदा बजावलं. चालताना ज्वाळा आपल्याच तोंडाकडे येतात, हात पोळला की कढई सुटते, आणि पायावर, लुगड्यावर, मागून धावत आलेल्या पोरांवर पेटतं तेल.

गॅस एजन्सीच्या प्रात्यक्षिकात ओल्या फडक्यानं सिलिंडरची ज्योत विझवून दाखवतात, ते बऱ्याचजणींनी पाहिलंय. म्हणून कुणी ओलं पोतं सुचवतं. ते सिलिंडरच्या तोंडाशी लागलेल्या ज्योतीसाठी. पाणी गळणारं पोतं पेटत्या तेलावर टाकणं म्हणजे पाणी ओतण्याचाच प्रकार. आणि मैदा, बेसन किंवा कणीक तर चुकूनही टाकू नका. पीठ हवेत उडालं की तेही भडकतं. खाण्याचा सोडा चालतो, पण चिमूटभर नाही, मुठींनी, आणि तेही तव्यावरच्या छोट्या जाळाला. मोठ्या कढईला पुरेल एवढा सोडा कोणाच्या घरात असतो?

घरासाठी एखादी लाल बाटली घ्यायचीच असेल, तर एबीसी पावडर जरूर घ्या, पण ती कशासाठी ते ओळखून. पडदा पेटला, मीटरच्या बोर्डाजवळ ठिणगी पडली, देवघरातल्या समईनं कापड धरलं, दारातल्या स्कूटरनं पेट घेतला, तर तीच कामाची. स्वयंपाकघराच्या बाहेर, बैठकीच्या दाराजवळ तिची जागा. कढईसाठी झाकण.

पण जिथे दोन लिटरच्या वर तेल रोज तापतं, तिथे माझं मत वेगळं आहे. खानावळ, वड्याची गाडी, मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर, फराळाचा गट. मोठ्या कढईवर बसेल असं झाकण एकट्या बाईला झटकन उचलता येत नाही, ज्वाळा उंच जातात, वर पत्रा किंवा ताडपत्री असते. तिथे वेट केमिकल हवंच. ते महाग आहे म्हणून पावडरवर भागवणं म्हणजे पैसे घालून खोटा धीर विकत घेणं. आमच्या काकू हिशेबाला पक्क्या. त्यांनी दुकानातच बोटं मोजली, ‘‘एक रंगीत लाल बाटली घेऊन पैसे वाचवू आणि उद्या तिच्या जिवावर सगळ्याजणी कढईपाशी थांबू. त्यापेक्षा नसलेली बरी, निदान पळू तरी!’’

दुकानदारालाही हसू आलं. वेट केमिकल त्याच्याकडे नव्हतं, मागवून देतो म्हणाला. मधल्या दिवसांत आम्ही आणखी दोन ठिकाणी फिरलो आणि काय काय बघायचं ते शिकलो.

आपल्याकडे बाटल्या सगळ्या लालच. रंगावरून आतलं औषध कळत नाही, लेबल वाचावंच लागतं. त्यावर ‘एफ’ किंवा ‘के’ हे अक्षर आणि कढईचं चित्र शोधायचं. काही बाटल्यांवर अक्षराआधी आकडा असतो. ५एफ म्हणजे चाचणीत पाच लिटर तेलाची आग विझवलेली, २५एफ म्हणजे पंचवीस लिटरची. आपल्या कढईत तेल किती, त्यावरून हा आकडा जुळवायचा. बऱ्याच वेट केमिकल बाटल्यांवर ‘ए’ सुद्धा असतो, म्हणजे कपडा-लाकडालाही त्या चालतात. एक गोंधळ मात्र लक्षात ठेवा. अमेरिकन लेबलवरचा ‘सी’ म्हणजे वीज, आपल्याकडचा ‘सी’ म्हणजे गॅस. अक्षर तेच, अर्थ निराळा, म्हणून चित्र बघितलेलं बरं.

आयएसआयचा शिक्का हवा आणि त्यावर आयएस १५६८३ हा क्रमांक. शिक्क्याखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइलच्या अ‍ॅपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. घरातली कॉलेजची मुलं दोन मिनिटांत बघून देतात. वर घड्याळासारखं गेज असतं, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. बनल्याची तारीख बघा. कोपऱ्यात तीन-चार वर्षं पडलेला माल गळ्यात मारायला कुणी कमी करत नाही.

आणि ती बाटली दुकानातच उचलून बघा. हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. सहा लिटरची भरलेली बाटली दहा किलोच्या घरात जाते. आमच्या काकूंचा खांदा दुखरा, त्यांना ती टेबलावरून हलेना. गटात पंचावन्न-साठीच्या बायका आहेत, एक बाळंतीण नुकतीच यायला लागली आहे. ज्या दिवशी आग लागेल त्या दिवशी कोण जवळ असेल ते काय ठरलंय? आम्ही दोन लिटरच्या दोन घेतल्या. एकच मोठी घेतली असती तर आकड्यात ती भारी ठरली असती, पण भिंतीवरून काढता आली नसती.

वापरायची रीत सोपी आहे, पण पावडरपेक्षा जरा निराळी. आधी गॅस बंद. इंडक्शन किंवा विजेची शेगडी असेल तर मेन बंद, कारण या बाटलीत पाणी आहे. मग सेफ्टी पिन ओढायची, लेबलवर लिहिलंय तेवढ्या अंतरावर, निदान दोन-तीन पावलं लांब उभं राहायचं, दांडी पुढे धरून मूठ दाबायची आणि फवारा तेलावर वरून हळूहळू गोल फिरवायचा, अळूच्या पानाला पीठ लावतो तसा, एकाच जागी नाही. सुरुवातीला वाफ येते, ज्वाळा क्षणभर वाढल्यासारखी वाटते. तिथे घाबरून बाटली टाकायची नाही. आग विझलेली दिसली तरी बाटली रिकामी होईपर्यंत मारत राहायचं, म्हणजे फेस जाड बसतो आणि तेल गार होतं. हे सगळं करताना पाठ दाराकडे. दार आगीच्या पलीकडे असेल तर विझवायच्या फंदातच पडायचं नाही.

बाटली कुठे टांगायची यावर आमच्याकडे चांगलीच वादावादी झाली. शेगडीशेजारच्या खिळ्याला, म्हणजे हाताशी, असं एकीचं म्हणणं. पण पेटलेल्या कढईवरून हात घालून बाटली काढणार कशी? ती दाराजवळ, छातीच्या उंचीवर, आणि तिच्यापुढे पिठाची पोती रचायची नाहीत. दुसरी त्याच शेडच्या दुसऱ्या तोंडाला.

काळजी घ्यायची ती अशी. महिन्यातून एकदा गेजचा काटा आणि पिन बघायची, नळी-दांडी चोंदलेली नाही ना ते बघायचं. ज्यांच्याकडे पावडरची बाटली आहे त्यांनी दोन-तीन महिन्यांनी ती उलटी-सुलटी करून हलवावी, नाहीतर पावडर तळाशी मिठासारखी घट्ट बसते. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी, आणि एकदा थोडीशी जरी वापरली तरी पुन्हा भरून घ्यायची. तपासणीचं नुसतं स्टिकर लावून पैसे घेणारेही भेटतात, तेव्हा तो माणूस बाटलीचं वजन करतो का, गेज बघतो का, यावर लक्ष ठेवायला एकजण उभी राहू द्या.

सगळं करूनही आग हाताबाहेर जाते असं वाटलं, छताला धरलं, धूर भरला, तर बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन. गॅसची गळती असेल तर १९०६. आपल्याकडे नगरपरिषदेचा बंब कधी वेळेत येतो, कधी तो शेजारच्या तालुक्यातून निघतो. तोपर्यंत माणसं बाहेर असली पाहिजेत, डबे-भांडी नाही. भाजलंच, तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट तर नकोच नको. मग डॉक्टर.

आता शेवटचं, ज्यासाठी पैसे लागत नाहीत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात ठिकठिकाणचे बंबवाले शाळा-कॉलेजांत प्रात्यक्षिकं देतात. महिला मंडळानं किंवा बचत गटानं अर्ज द्यायला काय हरकत आहे? आम्ही दिला. अर्जात एक ओळ मुद्दाम घातली: ट्रेमधलं डिझेल नको, कढईतलं तेल पेटवून दाखवा. पाणी टाकल्यावर काय होतं तेही दाखवा, पण लांबून.

त्यांनी दाखवलं. लांब काठीच्या टोकाला पेला बांधून पाणी ओतलं तेव्हा ज्वाळा दोन पुरुष उंच गेली आणि मांडवातल्या सगळ्या बायका एकदम मागे सरल्या. त्यानंतर जवानानं दुसरी कढई पेटवली आणि विचारलं, ‘‘झाकण कोण ठेवणार?’’ डबेवाल्या ताई पुढे झाल्याच, पण त्यांच्याआधी ती बादली उचलणारी मुलगी उठली होती. पदर खोचला, झाकण पुढे धरून सरकवलं, आणि लगेच दोन पावलं मागे आली. तिच्यानंतर रांगच लागली. काकू सगळ्यात शेवटी. झाकण ठेवून झाल्यावर त्यांनी जवानाला विचारलं, ‘‘दिवाळीच्या आधी एकदा आमच्या शेडमध्ये येऊन बाटल्यांची जागा बघून जाल का?’’ तो हो म्हणाला. ऑक्टोबरचा पहिला सोमवार ठरला आहे.